प्रेमलाबाईंनी हलवलेल्या महालक्ष्म्या

माझी नात उर्वी लातूरला शाळेत शिकवते. परवा घरात आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आजी, सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आमच्या शाळेत तू पाच मिनिटं बोलायचं. विषय दिलाय, गनिमी तुकडीच्या नेत्या प्रेमलाबाई. त्यांचा बंदुकीसोबतचा एखादा फोटो असला तर शोधून ठेव."

मी म्हटलं, "पाच मिनिटं तर मला चष्मा सापडायला लागतात. आणि बंदुकीसोबत फोटो काढणार कोण होतं गं? रझाकार?"

पोरगी हसली, पण मला राग आला तो आलाच. दरसाल हेच चालतं. झेंडा लागतो, कुणीतरी पुढारी येतो, बाईंना रणरागिणी म्हणतो, त्यांच्या हातात कधी नसलेली तलवारसुद्धा देऊन मोकळा होतो आणि चहा पिऊन जातो. अरे बाबांनो, बाईंचा जीव बंदुकीत नव्हताच कधी. तो होता पोरींच्या शाळेत. शाळा गेली म्हणून बंदूक धरली. मग ती शाळा बाईंना परत मिळाली का? एक माणूस विचारत नाही! म्हणून मी सगळं सांगणार आहे. ज्याला घाई आहे त्यानं खुशाल उठावं.

आमचं गाव बोरतळ, नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठावर. तेव्हा नदीच्या अल्याड निजामाचं राज्य आणि पल्याड वऱ्हाड. आमची म्हैस पोहत गेली की परमुलखात चरून यायची. काठावर करोडगिरीचा नाका होता, म्हणजे जकातीचा. तिथले शिपाई माणसाच्या डोईवरचं गाठोडं सोडून बघायचे, म्हशीला मात्र कुणी काही विचारत नव्हतं.

प्रेमलाबाई नांदेडच्या. वडील माधवराव वकील होते. तेराव्या वर्षी बाईंचं लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा विषमज्वरानं गेला. भाऊबंद म्हणाले, पोरीला कोपऱ्यात बसवा. माधवराव म्हणाले, "माझ्या घराला कोपरा ठेवलाच नाही मी." त्यांनी लेकीला शिकवलं, मास्तरकीची परीक्षा द्यायला लावली. ती पास होऊन बाई आमच्यासारख्या आडगावात पोरींची शाळा काढायला आल्या. वय असेल बावीस-तेवीस. अंगावर साध्या काठाचं पांढरं लुगडं, मोकळं कपाळ आणि जाड भिंगाचा चष्मा. चष्मा काढला की बाईंना बैल आणि बाभूळ यातला फरक कळत नसे.

पाटलाच्या गोठ्याशेजारी कुडाची एक खोली मिळाली, तीच शाळा. बाई घरोघर फिरून पोरी मागायच्या. मागायच्या म्हणजे अक्षरशः पदर पसरून. लोक म्हणायचे, पोरीला शिकवून काय तहसीलदार करायचंय? बाई म्हणायच्या, "झाली तर वाईट आहे का?" माझ्या मायनं, चतुराबाईनं, मला सहाव्या वर्षी शाळेत घातलं ते काही विद्येच्या प्रेमानं नव्हे. म्हणाली, "न्या बाई या भीमाला. घरात नुसता उच्छाद मांडलाय, तिकडं तरी एका जागी बसंल." तेव्हापासून दोघींचं चांगलं जमलं. बाई कधीमधी आमच्याकडं भाकर खायच्या आणि माय त्यांच्या ताटात लोण्याचा गोळा जरा मोठाच टाकायची.

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला पल्याड वऱ्हाडात झेंडा लागला. अल्याड बंदी. बाईंनी आमच्या कुडाच्या शाळेवर तो लावला. दुपारी घोड्यावरून रझाकार आले आणि त्यांनी शाळा पेटवली. आम्ही पोरी चिंचेखाली एकमेकींना धरून रडत होतो. बाई आत घुसल्या आणि फळा घेऊन बाहेर आल्या. पदर जळलेला, एका बाजूचे केस करपलेले. आम्हाला म्हणाल्या, "रडू नका. फळा वाचलाय. शाळा पुन्हा भरणार, इथंच भरणार." मी सात वर्षांची होते, पण ते वाक्य मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

बाईंना धरायचा हुकूम निघाला. त्यांना नदीपार नेलं मौलालीनं. मौलाली म्हणजे आमचा डोंगा चालवणारा. रझाकार म्हणजे झाडून सगळे मुसलमान असं जे सांगतात, त्यांनी आमच्या गावात येऊन मौलालीचं नाव काढावं. नाक्यावरच्या लोकांनी त्याला झोडपलं तेव्हा तो म्हणाला, "मास्तरीन थी साब, मैं समझा भैंस है." मार खाल्ला, पण बाई कुठं उतरल्या ते सांगितलं नाही.

पल्याड लढणाऱ्यांचा कॅम्प होता. बाई तिथं गेल्या त्या जखमेला पट्ट्या बांधायला आणि रोटी थापायला. मग तुकडीच्या नेत्या कशा झाल्या? आमच्या पाटलाचा पोरगा शेषेराव त्या तुकडीत होता, त्यानं सांगितलेलं सांगते. डझनभर जवान गडी रोज रात्रंदिवस भांडायचे. नाका इकडून गाठायचा की तिकडून, पुढं कोण, मागं कोण. सगळे एकदम बोलायचे. एक दिवस बाई पोळपाट आपटून ओरडल्या, "गप्प बसा! एकेकानं बोला. बोलायचं त्यानं हात वर करा!" आणि काय सांगू, बारा मिशाळ गड्यांचे हात वर झाले. शेषेराव म्हणायचा, "त्या दिशी आमाला नेता घावला."

बाईंना बंदूक काही नीट येत नव्हती. नेम धरायला एक डोळा मिटला की उघडा डोळाच निकामी. पण नदीच्या वाळूत काडीनं नाका काढायच्या, वाट काढायच्या आणि प्रत्येकाकडून धडा म्हणवून घ्यावा तसं त्याचं काम तोंडपाठ म्हणवून घ्यायच्या. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी आखलेल्या कामात माणूस दगावला नाही. फावल्या वेळात त्या सगळ्यांना बाराखडी. शेषेराव म्हणायचा की गोळीपेक्षा लोक 'ज्ञ'ला जास्त भ्यायचे.

माझा बाप ग्यानोबा त्या तुकडीचा अल्याडचा माणूस. दिसायला गरीब शेतकरी, पण खबर पोचवायची, सामान दडवायचं, ही कामं त्याची. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात नदी फुगली. नाक्यावर झडत्या वाढल्या. तुकडीनं बंदुका आमच्या घरी ठेवल्या. बापानं त्यांचे लाकडी दस्ते सोडवले, सगळं गोणपाटात गुंडाळलं आणि घरातल्या दोन मातीच्या कोठ्यांत घालून वरून ज्वारी ओतली. मायला सांगितलं नाही. म्हणे, बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही! आता बघा, या शहाणपणानं काय काशी केली ती.

त्या कोणत्या कोठ्या होत्या? महालक्ष्म्यांच्या. आमच्याकडं भादव्यात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात. दोन कोठ्या धान्यानं भरायच्या, त्यांना लुगडी नेसवायची, वर पितळेचे मुखवटे ठेवायचे. पहिल्या दिवशी बसवायच्या, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या नि पुरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. आणि एकदा बसली की बोळवणीपर्यंत महालक्ष्मी तसूभर हलवायची नाही. हलली तर त्या घरातून लक्ष्मी उठली, घराला खंड पडला. आमच्याकडं लहान पोरसुद्धा त्या खोलीत पळत नाही.

बाप मनात म्हणत होता, सणाच्या आत बंदुका दुसरीकडं हलवू. झालं काय, की महालक्ष्म्या यायच्या त्याच सकाळी तो नदीकाठी केवडा आणायला गेला आणि नाक्यावरच्यांनी त्याला धरला. कुणीतरी चुगली केली होती. इकडं मायला पत्ता नाही. धनी केवड्यासाठी लांब गेला असंल, असं म्हणत तिनं संध्याकाळी कोठ्या पुसल्या, वर थोडी ज्वारी घातली, लुगडी नेसवली आणि बंदुकांवर महालक्ष्म्या बसवल्या. हळदीकुंकू वाहिलं, धन्याला औक्ष मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली की बापाला नाक्यावर बांधून ठेवलंय. दिवस मावळायच्या आत रझाकारांची लॉरी येणार होती आणि लॉरीतून नेलेला माणूस आमच्या भागात परत आलेला नव्हता. माय चुलीपुढं पुरण घाटत होती. हात थांबला नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझी आत्या, बापाची थोरली बहीण धुरपदा, म्हणाली, "नैवेद्य चुकवू नगंस. आता तीच राखील त्याला."

दुपारी एक भाजीवाली दारात आली आणि डोक्यावरच्या पाटीसकट चौकटीवर धडकली. भोपळे गडगडत अंगणात. मी ओरडले, "बाई!" चष्मा काढून वेष पालटला होता त्यांनी, पण चौकट काही चुकली नाही. आत आल्या, कमरेचा चष्मा काढून डोळ्यांवर ठेवला आणि थेट बोलल्या.

"चतुराबाई, रडू नका. ग्यानोबांना आम्ही सोडवून आणतो. तुकडी ज्वारीत येऊन थांबलीय. फक्त बंदुका द्या."

"कसल्या बंदुका?" माय म्हणाली.

"तुमच्या कोठ्यांमध्ये आहेत त्या."

मायनं कोठ्यांकडं बघितलं. तिथं दोघी बसलेल्या, हिरवी लुगडी, नाकात नथ, समोर फुलोरा टांगलेला. मग ती एकदम उठली आणि दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"न्हाई बाई. बसलेली महालक्ष्मी हलवू? आन आज, जेवणाच्या दिशी? नैवेद्य बी दावला न्हाई आजून. आवो, माझ्या कुंकवासाठी तर बसवल्यात त्या. त्यानलाच उठवल्यावर कुंकू कसं ऱ्हाईल?"

"चतुराबाई, तुमचं कुंकू नाक्यावर खांबाला बांधलंय. दिवस मावळायला वेळ नाही."

आत्या तर फणकारलीच. "तू तर बोलूच नगंस! इधवा बाई तू, सणाच्या घरात पाय ठेवलास त्योच लई झाला."

बाईंचा आवाज चढला नाही. त्या मायला म्हणाल्या, "तुम्ही हात लावू नका. पाप तुमच्या घराला नको. मी हलवते. देवी रागावली तर माझं काय नेणार? नवरा नेला, शाळा नेली. आता माझ्याजवळ नेण्यासारखं काही राहिलं नाही."

मायचे पसरलेले हात खाली आले. भिंतीकडं तोंड केलं आणि मला पोटाशी धरून माझे डोळे झाकले. मी बोटांच्या फटीतून सगळं बघितलं. बाईंनी आधी हात जोडले. मग झोपलेलं बाळ उचलावं तसा एकेक मुखवटा उचलून तांदळाच्या सुपात ठेवला. लुगडी सोडली. ज्वारी जमिनीवर ओतली, आणि आतून ती गोणपाटातली गाठोडी निघाली. परत सगळं होतं तसं ठेवायला गेल्या, पण निऱ्या काही जमेनात. उभ्या जन्मात महालक्ष्मीला लुगडं नेसवायला कुणी त्यांना हात लावू दिला होता? धाकटीचा मुखवटा जरासा वाकडाच बसला. बाई दोनदा सरळ करायला गेल्या, मग भोपळ्यांखाली बंदुका घालून निघून गेल्या.

नाक्यावर काय झालं ते बापानं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं होते असं वाटतं. बाई एकट्या, चष्मा लावून, छत्री घेऊन समोरून चालत गेल्या. बाजेवर पसरलेल्या शिपायांना असं काही झापलं, "हे काय बसणं आहे? उभे राहा! सरळ!" की ते सवयीनं उभेच राहिले. बंदुका भिंतीला टेकलेल्या आणि हे हात बाजूला सोडून ताठ. तेवढ्यात मागून ज्वारीतून शेषेराव नि बाकीचे आले, नळ्या रोखल्या. एक गोळी सुटली नाही. दिवस मावळताना मौलाली दारावरून ओरडत गेला, "चतुराबाई, ग्यानोबा पार हुआ! जिता है!" मायनं तेव्हा कुठं नैवेद्य दाखवला, त्या वाकड्या मुखवट्याला.

पुढच्याच आठवड्यात हिंदी फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. बाप घरी आला. बाईंची गावानं बैलगाडीतून मिरवणूक काढली, हलगी वाजवली, गुलाल उधळला. बाईंनी गुलाल झटकला आणि म्हणाल्या, "उद्यापासून शाळा. सगळ्या पोरींनी वेळेवर यायचं."

दुसऱ्या दिवशी एकही पोरगी गेली नाही.

का? आत्यानं घरोघर सांगितलं होतं. रझाकारांशी लढली ते चांगलं केलं, गड्यांत राहिली तेही एक वेळ सोडून देऊ, पण विधवा बाईनं बसलेल्या महालक्ष्म्या उठवल्या! तिच्या सावलीत पोरी बसवायच्या? त्यात त्या साली आमचा एक बैल मेला, गावात दोन घरी माणसं गेली. सगळं बिल बाईंवर फाटलं. बंदूक माफ झाली, मुखवटा माफ झाला नाही. असे आमचे लोक!

माझा बाप बाईंच्या बाजूचा होता, पण कसा? आतल्या आत. रझाकाराला न भिणारा हा माणूस बहिणीपुढं शेपूट घालायचा. एकदा धीर करून म्हणाला, "भीमाला धाडावं म्हन्तो मी." मायनं नुसतं बघितलं. "गोळी एक बी सुटली न्हाई म्हन्ता. मंग माझ्या महालक्ष्म्या कशापायी हलवल्या?" बाप म्हणाला, "आगं, हातात बंदुका व्हत्या म्हनून गोळ्या सोडाव्या लागल्या न्हाईत." मायला पटलं असावं, पण पटणं आणि पोरगी धाडणं यात लई अंतर असतं.

बाईंनी चिंचेखाली तोच अर्धा जळलेला फळा टेकवला. रोज सकाळी येऊन झाडलोट करायच्या, घंटा वाजवायच्या आणि मोठ्यानं हजेरी घ्यायच्या. एकेक नाव. भीमा ग्यानोबा. थांबायच्या. पुढचं नाव. गावभर ऐकू जायचं. मी शेण थापत असायचे आणि माझं नाव आलं की हात तिथंच राहायचा. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, बाई थांबल्या नाहीत. टवाळ पोरं म्हणायची, बाई चिंचेला शिकवून ऱ्हायल्यात. माय मात्र हजेरी चालू झाली की घरात भांडी आपटायला लागायची. जणू आवाज ऐकूच येऊ नये.

पुन्हा भादवा आला. नांदेडहून माधवराव वकील गाडी घेऊन आले. तिथल्या मोठ्या कन्याशाळेत लेकीसाठी जागा बघून ठेवली होती त्यांनी. बाई हो म्हणाल्या. थकल्या होत्या हो. सणाच्या दुसऱ्या, म्हणजे जेवणाच्याच दिवशी निघायचं ठरलं.

इकडं आमच्या घरी वेगळाच तमाशा. आत्या म्हणाली, "खंड पडलाय, यंदा बसवू नगंस. आदी नांदेडला गंगेवर जाऊन धुऊन ये ते मुखवटं." मायनं मुखवटे चिंचेनं घासले, लख्ख केले, आणि पहिल्यांदा तिला तोंड फुटलं. "वन्सं, बैल गेला आन माणूस माघारी आला, आसं मोजायला लागले तर माझं घर फायद्यातच हाय. देवी रागानं उठून गेली आसती तर माझा धनी कशाला माघारी धाडला आसता? ती उठली ती त्याच्यासाठीच उठली. आपुन होऊन उठली, बाईच्या हातानं." आणि कोठ्या मांडल्या.

जेवणाच्या दिवशी घरात बायका जमल्या. आमच्यात त्या दिवशी महालक्ष्मीपुढं सवाष्ण जेवू घालावी लागते, तिला देवी समजून. आत्यानं विचारलं, "सवाष्ण कोण सांगितलीस?" माय म्हणाली, "सांगितलीय एक. येतीच हाय."

दारात प्रेमलाबाई आल्या. त्यांना वाटलं, जाण्याआधी निरोपाचं जेवण असंल. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "इथंच द्या चतुराबाई, आत नको." मायनं त्यांचा हात धरून सरळ महालक्ष्म्यांपुढच्या पाटावर नेऊन बसवलं. पुरण कढईला लागल्याचा वास यायला लागला, तरी कुणी उठेना.

माय म्हणाली, "या घरातलं कुंकू जिनं राखलं, तीच माझी सवाष्ण." आणि कुंकवाचं बोट पुढं केलं.

बंदूकवाल्यांच्या नाक्यावर छत्री घेऊन गेलेली बाई, पण त्या बोटापुढून मागं सरकली. डोकं मागं घेतलं. "नको. चतुराबाई, नको. तुमच्या घराला बोल लागेल. आणि मला कुंकू नको हो." मग एकदम हुंदका फुटला, "मला पोरी हव्या होत्या."

आत्या फणकाऱ्यानं उठली आणि परसात गेली. जाताना पानावरची पुरणपोळी घेऊन गेली, ते मी बघितलं. बाकीच्या बायका खाली माना घालून बसलेल्या.

मायचं बोट तसंच हवेत. मग तिनं ते आपल्या पदराला पुसलं. ओटीचं तबक ओढलं. बाईंचा पदर हातानं पसरवला, त्यात तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. आणि मागं वळून माझी बखोटी धरली. मला कळायच्या आत त्या तांदळांवर, नारळावर, बाईंच्या मांडीत मला बसवलं.

"घ्या," ती म्हणाली. "ही बी तुमच्या वटीत घातली. पयली ही. बाकीच्या आणायला मी तुमच्यासंगं फिरते. बघू कोण न्हाई म्हन्तंय चतुराबाईला!"

नारळ मला टोचत होता. बाईंनी दोन्ही हातांनी मला धरलं, चष्मा माझ्या केसांवर पडला, तो उचललासुद्धा नाही. मग अगदी शाळेतला आवाज काढायला गेल्या, तो निम्म्यातच फाटला.

"भीमा, उद्या सकाळी वेळेवर यायचं. वेणी घालून."

"बाहेर तुमच्या वडलांनी गाडी जुपलीय न्हवं?" माय म्हणाली.

"त्यांना सांगा, बैल सोडा म्हणावं."

"सांगते. पर आदी जेवा. पोळी गार व्हायलीय."

बाई जेवायला लागल्या, एका हातानं. दुसरा हात माझ्याभोवती होता. ओटीतलं असं मांडीत घेऊन जेवत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, पण मला उठ कुणी म्हणालं नाही आणि मीही उठले नाही.